जुनी ब्रॉन्को घेताना काय पाहावे?

प्रश्न: नमस्कार. मी टेक्सासमध्ये राहतो. फोर्डची पहिल्या पिढीतील, १९७४ची ब्रॉन्को घेण्याचा विचार आहे. गाडी उंच केलेली असून मोठे टायर बसावेत म्हणून मागची मडगार्डे कापलेली आहेत. कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर १: नव्या रंगाला भुलू नका, गाडी लिफ्टवर चढवून खालून पाहा. चासीवर बॉडी जिथे टेकते त्या जागा, दारांखालची पट्टी आणि पायाखालचा पत्रा यांना गंज हमखास धरतो. माझ्या गाडीचे कार्पेट उचलले तेव्हा पत्र्याऐवजी फायबरचे ठिगळ निघाले आणि स्क्रू-ड्रायव्हर टेकवताच आरपार गेला.

उत्तर २: मडगार्डे न कापलेल्या गाड्या आता दुर्मीळ असल्याने त्यांनाच अधिक किंमत येते, तेव्हा आपण भाव निःसंकोच पाडून मागावा. शिवाय १९७६पूर्वी पुढच्या चाकांनाही ड्रम ब्रेकच येत. जड टायरांसाठी ते मला मुळीच पुरेसे वाटत नाहीत. डिस्क ब्रेक बसवले आहेत का, हे आधी विचारा.

उत्तर ३: चासीवर कोरलेला क्रमांक टायटलवरील (गाडीच्या मालकीच्या कागदावरील) क्रमांकाशी जुळल्याशिवाय पैसे देऊ नका.

प्रश्नकर्ता: मनःपूर्वक आभार. लांबी (पुट्टी) भरलेली जागा ओळखण्यासाठी शनिवारी टॉर्चसोबत लोहचुंबकही नेतो.