चार रात्रीची जागल कोणी करून देते का?

सेविका_आर्वीकडची

नमस्कार. मी आर्वी तालुक्यातल्या एका गावात अंगणवाडी सेविका आहे. गावाचं नाव लिहीत नाही. पोरगा वीस वर्षांचा आहे अन् त्याले याच गावात राहायचं आहे.

त्याले बायपोलर आहे, म्हणजे मन कधी लय चढते, कधी पार खचते असा मनाचा आजार. बारावीच्या वर्षी दिवाळीत पाच दिवस झोपला नाही. बैलजोडी विकून पुण्याले कंपनी काढतो म्हणे, अन् खरंच गिऱ्हाईक घेऊन आला होता. त्याले आता तीन वर्षं झाली. इलाज सेवाग्रामच्या दवाखान्यात सुरू आहे, मन ताळ्यावर ठेवणारं लिथियम नावाचं औषध चालू आहे, गोळ्या स्वतः घेते. म्हणून आधीच सांगते, डॉक्टर कोणता चांगला हे विचारायले मी आली नाही. बाबा-महाराजांचे पत्तेही नको, ते सगळे करून झाले.

प्रश्न वेगळा आहे. मले गर्भपिशवीचं ऑपरेशन करायचं आहे. गाठ आहे, हिमोग्लोबिन 8.2 वर आलं, आधी रक्त चढवा लागन म्हणते डॉक्टरीणबाई. चार-पाच रात्री भरती, मग दीड महिना ओझं उचलायचं नाही. आठ महिन्यांपासून मी तारीख पुढं ढकलून राह्यली. कारण त्या रात्री पोराजवळ कोण?

त्याचे बाबा रात्री वावरात असतात. चन्यात रानडुकरं अन् रोही (नीलगायी) शिरतात, मचाणावर बसा लागते. वावरातली वीज रात्रीची असली की ओलितही तेव्हाच. ते वावराची जागल करतात, मी घराची.

पोराची झोप हेच आमचं थर्मामीटर. सहा-सात तास झोपला तर सगळं ठीक. लागोपाठ दोन रात्री तीन तासांवर आला की समजायचं, गाडी चढावर लागली, अन् त्याच दिवशी डॉक्टरले फोन करायचा. म्हणून दाराले आतून जो आडवा अडसर आहे त्यावर मी स्टीलचा गिलास पालथा ठेवते. पोरगा रात्री बाहेर निघाला की गिलास पडते अन् मी उठते. पडून पडून त्याच्या काठाले इतके पोचे आले की आता तो सरळ बसत नाही, खाली कागदाची घडी लावा लागते.

नातेवाईक नाहीत असं नाही. माझी बहीण अमरावतीले आहे. गेल्या मे महिन्यात तिनं हौसेनं तीन दिवस नेला. तिथं त्याले हगवण लागली, ऊन असं की भिंतीले हात लावता येईना, अन् अंग दुखते म्हणून कोणीतरी दुकानातून दुखण्याची गोळी आणून दिली. घरी आला तेव्हा हात इतके थरथरत होते की ताटातलं वरण तोंडापर्यंत जाईना. चालताना तोल जाये. सेवाग्रामले नेलं, रक्तातली लिथियमची लेव्हल 1.9 निघाली, म्हणजे लय जास्त. आमची 0.8 च्या आसपास राहते. बहिणीची चूक नाही. गोळ्या किती वाजता द्यायच्या ते सांगितलं होतं, पण हगवण, ऊन अन् दुखण्याची गोळी यानं रक्तातलं लिथियम वाढते, ही गोष्ट मीच सांगितली नव्हती. पण त्या दिवसापासून ती म्हणते, "तुझं पोरगं सांभाळायची माझी छाती नाही." अन् माझीही पाठवायची छाती नाही.

तर असे चार-पाच दिवस राहू देणारी एखादी जागा, सरकारी म्हणा की संस्थेची, वर्धा-अमरावती-यवतमाळकडं आहे का? दवाखान्यात भरती नको, तो चांगला आहे. फक्त सोबत पाहिजे. हे विचारतानाही लाज वाटते, आई असून पोरापासून सुट्टी मागून राह्यली असं.

वऱ्हाडी_वाघ

ताई, पोराचं लग्न करून टाका. बायको आली की सगळे सुधरतात. आमच्या गावात दोन उदाहरणं आहेत.

सेविका_आर्वीकडची

भाऊ, मी चार रात्रीसाठी माणूस मागितला, जन्मभरासाठी कोणाची पोरगी नाही मागितली.

निवृत्त_सिस्टर

ताई, मी नोकरीतली बरीच वर्षं मानसोपचार वॉर्डात काढली. खोटी आशा लावत नाही. तुम्ही म्हणता तशी जागा तुमच्या मुलाच्या आजारासाठी खेड्याच्या जवळ मिळणं कठीण आहे, आणि त्यामागे कायद्याची एक मेख आहे.

पालकांना थोडे दिवस विसावा मिळावा म्हणून मुलाला ठेवून घेण्याची कल्पना आपल्याकडे आली ती मुख्यतः नॅशनल ट्रस्ट या केंद्र सरकारच्या संस्थेच्या 'समर्थ' योजनेतून. पण त्या ट्रस्टचा 1999 चा कायदा स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता यांच्यापुरता. बायपोलर किंवा स्किझोफ्रेनिया असे मानसिक आजार त्यात नाहीत. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत मानसिक आजार आहे, म्हणजे तुमच्या मुलाची तपासणी होऊन यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, निघू शकतं. काढून ठेवा. फक्त ते कार्ड दाखवून रात्री सोबतीला कोणी येत नाही.

2017 चा मानसिक आरोग्य सेवा कायदा मात्र नीट वाचण्यासारखा आहे. कलम 18 मध्ये सरकारने काय काय पुरवायचं ते लिहिलंय: हाफवे होम (रुग्णालयातून निघाल्यावर काही काळ राहायची जागा), आधार देणारी निवासव्यवस्था, आणि रुग्णाच्या कुटुंबाला आधार देणारी सेवा. कुटुंबाला, हा शब्द त्यात आहे. तेव्हा लाज तुम्हाला वाटायचं कारण नाही. जिल्हा सामान्य रुग्णालयात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचे लोक असतात, त्यांच्याकडे साधा लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. लगेच काही हाती लागेल असं नाही, पण मागणारेच नाहीत असं उत्तर तरी त्यांना देता येणार नाही.

नागपूरच्या मनोरुग्णालयात ठेवावं असं कोणी सुचवलं तर ऐकू नका. त्याच कायद्यात, माणसाच्या मनाविरुद्ध भरती करायची तर आजार तीव्र असावा लागतो, त्याला किंवा दुसऱ्याला इजा होण्याचा धोका किंवा स्वतःची अजिबात काळजी घेता न येणं अशी स्थिती असावी लागते. आईचं ऑपरेशन हे कारण त्यात नाही, आणि असू नये.

मग उरतं घर, आणि घरी येणारा माणूस. बहिणीकडे जे झालं ते परत होऊ नये म्हणून एक वही करा. लिथियमवर असलेल्याने पाणी भरपूर प्यायचं, जेवणातलं मीठ अचानक कमी करायचं नाही, डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेनसारखी दुखण्याची गोळी डॉक्टरला न विचारता घ्यायची नाही. ताप-अंगदुखीला पॅरासिटॅमॉल चालते. जुलाब, उलट्या, हाताची वाढलेली थरथर, जीभ जड होणं, तोल जाणं, यातलं काही दिसलं तर पुढचा डोस द्यायच्या आधी डॉक्टरला फोन, आणि त्याच दिवशी दवाखाना. लेव्हलचं रक्त शेवटच्या गोळीनंतर 12 तासांनी काढतात, म्हणून रात्रीची गोळी किती वाजता दिली तेही वहीत हवं. तुमच्या भरतीच्या आधी एकदा लेव्हल करून घ्या. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 नंबर वहीच्या पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात लिहा. रात्री-बेरात्री मराठीत बोलता येतं, आणि सोबतीच्या माणसानेही तो फिरवला तरी चालतो.

फवारणीची औषधं घरात असतील तर ती कोठ्यात कुलपात हलवा. तुम्हाला कुठल्या कोपऱ्यात काय आहे ते माहीत असतं, पाहुण्याला नसतं.

आणि एक विचारू? या सगळ्यात मुलाला विचारलंत का, की तुझ्याजवळ कोण राहिलेलं चालेल?

पुलगावकडचा_भाऊ

ताई, जागा तं मलेबी भेटली नाही. आमी सावड करतो.

माही लहान बहीण तेवीस वर्षांची हाय, स्किझोफ्रेनिया. आई-बाबा गेले, घरात मी, बायको अन् ते. दोन वर्षं आमी नवरा-बायको सोबत कोणाच्या लग्नाले गेलो नाही. एक गेला का एक घरी. मंग ओपीडीच्या लाईनीत देवळी तालुक्यातलं एक घर भेटलं, त्याईचं पोरगं अठराचं. लाईन एवढी मोठी का दोन घंट्यात सारं बोलणं झालं. मी सहज म्हटलं, पेरणीच्या टायमाले आपण बैल देतो-घेतो, मंग हे काहून नाही? त्याईनं एक रात्र यायचं, आमी एक रात्र जायचं. पैशाचा संबंध नाही. हिशोब कॅलेंडरच्या मागं लिवला हाय. सध्या त्याईची एक रात्र माह्यावर चढून हाय.

पयल्यांदा फसलो ते सांगतो. सुरवातीले शेजारच्या काकूले बसवलं होतं. काकू मनानं चांगली, पण दुसऱ्या दिवशी बहीण रात्री काय काय बडबडली ते पूर्ण गल्लीले माहीत. बहीण मंग चार दिवस जेवली नाही. म्हणून सावड ज्याच्या घरी हेच दुखणं हाय त्याच्यासंगच जमते. त्याले सांगा लागत नाही का याचं बाहेर बोलायचं नसते, अन् पोरगं भिंतीसंग बोललं तरी तो घाबरत नाही.

एकदम रात्र नका ठेवू. आमी पयले दोन घंटे ठेवलं, मंग एक दिवस, मंग रात्र. बहिणीले झोपताना लाईट चालू लागते, अन् कोणी हाताले धरलं का ते बिथरते, हे त्याईले त्या दोन घंट्यातच समजलं, माह्या सांगण्यानं नाही समजलं.

तुमच्याकडून पुलगाव काही लय दूर नाही. पण इंटरनेटवरच्या माणसाले पोरगं सोपवू नका, मलेबी नाही. पयले ओपीडीत भेटू, पोराले बी आणा, त्याले मी पटलो तं पुढचं.

सेविका_आर्वीकडची

तीन आठवड्यांनी लिहून राह्यली, माफ करा. वेचणी अन् सर्वे एकाच वेळी आले.

सिस्टरबाई, खरं सांगते, मी त्याले विचारलंच नव्हतं. सगळ्या गावाले विचारून झालं होतं. तुमचं वाचून त्या रात्री जेवताना विचारलं. तो म्हणे, "मावशीकडं जात नाही, तिथं मी खोलीत आलो की सगळे हळू बोलतात. घरीच राहतो. कोणी पाहिजे हे कबूल, पण म्हातारं माणूस नको, अन् झोपलो का नाही ते पाहायले दर घंट्याले बॅटरी मारणारं नको." बॅटरी मीच मारते.

मग म्हणे, "अन् तो गिलास काढ."

मी म्हटलं, काहून? तर म्हणे, "मी लघवीले उठतो तेव्हा पहिले गिलास उतरवतो, मग अडसर काढतो. आल्यावर कागदाची घडी लावून परत ठेवतो. तू दिवसभर अंगणवाडीत असते, तुझी झोप मोडू नाही म्हणून." कधीपासून, तर म्हणे दोन वर्षं होतात. पोचे सगळे पहिल्या वर्षाचे आहेत.

त्यावर काय बोलावं ते मले सुचलं नाही. मी भाकर वाढली.

पुढची हकिकत. ओपीडीत भाऊची भेट झाली, बहीणही सोबत होती. पोरगं अन् भाऊ दोघंही क्रिकेटवाले निघाले, माझ्याकडं कोणी पाहिलंही नाही. एका रविवारी भाऊ दुपारभर येऊन गेले. मग मागच्या शनिवारी रात्री राह्यले. मी चार घरं सोडून आमच्या मदतनीसबाईकडं झोपायले गेली. दोन वाजता सवयीनं उठून बसली, कान देऊन ऐकलं, काहीच नाही. मदतनीसबाई झोपेतच म्हणे, "बाई, पडा ना आता." सकाळी सात वाजता उठली. सात वाजता मी बाळंतपणातही उठली नसन.

घरी गेली तर वहीत भाऊच्या अक्षरात लिहिलेलं होतं: "गोळी 9.30. झोपला 11.20. 2 ले पाणी पेला, परत झोपला. उठला 6.10. मीच तीन वेळा उठलो."

तारीख 18 ची घेतली. दोन रात्री भाऊ, दोन रात्री याचे बाबा. वावराची जागल तेवढ्यापुरती मजुरीनं दिली. पाचवी रात्र लागलीच तर बहीण येतो म्हणते, तिनं वहीचे फोटो मागवून घेतले अन् फोनवर मले सगळं पाठ म्हणून दाखवलं, मिठासकट. फवारणीचं सामान कोठ्यात नेलं. अर्जही दिला आहे, पोच घेतली, उत्तर नाही.

पुलगावच्या भाऊ, शनिवारची धरून तुमच्या तीन रात्री माझ्यावर चढतात. ओझं उचलता येणार नाही, पण बसून जागल होते. ताईले झोपताना लाईट लागते म्हणालात, तो झिरोचा की मोठा, ते सांगून ठेवा.