मदत हवी आहे: डच शब्द पाठ होतात, पण शाळेचं पत्र वाचता येत नाही

सोनचाफा

नमस्कार मंडळी, जाणकारांचा सल्ला हवा आहे.

नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही नेदरलँड्समधल्या आइंडहोवनला आलो. लेक चार वर्षांची झाली आणि घराजवळच्या डच शाळेत जायला लागली. नवरा ‘केनिसमिग्रांट’ (उच्चशिक्षित परदेशी कर्मचारी) परवान्यावर आहे, त्यामुळे मला इनबुर्खरिंगची, म्हणजे इथली भाषा आणि समाज यांची, परीक्षा सक्तीची नाही. दुकानात, दवाखान्यात, बँकेत इंग्रजीवर निभावतं. तरीही मला डच मनापासून शिकायची आहे, आणि त्याचं कारण शाळा. तिला आणायला गेलं की बाकीचे आईबाप फाटकापाशी गप्पा मारत असतात. युफ (शिक्षिकेला इथे मुलं याच नावानं हाक मारतात) लेकीबद्दल काहीतरी कौतुकानं सांगत असते आणि मला दरवेळी ‘इंग्रजीत सांगाल का’ असं विचारावं लागतं. उद्या तिच्या मैत्रिणी घरी खेळायला येतील. त्यांच्याशी त्यांच्या भाषेत चार शब्द बोलता आले पाहिजेत असं फार वाटतं.

अडचण शब्दांची आहे. मोबाइलवरच्या एका ॲपवर नेमानं बसते. सफरचंद, बदक, कासव, गेंडा सगळं येतं. पण शाळेचं पत्र आलं की त्यातलं काहीच ओळखीचं निघत नाही. परवाच्या पत्रातले शब्द देते: स्ट्यूदीदाख, खिमटास, ब्रोटट्रॉमल, लाउझनकोंट्रोल, औडरखस्प्रेक. भाषांतराच्या ॲपमध्ये टाकले की अर्थ कळतो, आणि दोन दिवसांनी पुन्हा पाटी कोरी.

दुसरं दुखणं ‘द’ आणि ‘हेट’चं, म्हणजे इंग्रजी ‘द’सारख्या (the) दोन उपपदांचं. कुठल्या नामाआधी काय लावायचं याला काही धरबंद आहे का, की नुसतं पाठांतरच? आणि तिसरं म्हणजे, वहीत ओळखू येणारा शब्द समोरच्या माणसानं उच्चारला की कळत नाही. क्लास लावणारच आहे, पण नंबर लागेपर्यंत रिकामं बसायचं नाही. शब्दांच्या याद्या असतील तर द्याच, पण तुम्ही सुरुवातीला काय केलंत ते सांगितलंत तर जास्त बरं.

डेल्फ्टकर

सोनचाफाताई, यादी तुमच्या हातात आधीच आलेली आहे. शाळेचं पत्र हीच तुमची यादी. गेंडा पुढे कधीतरी लागेल, पण डबा, पिशवी, सुट्टी, उवा हे शब्द तुम्हाला या आठवड्यात लागणार आहेत, आणि जो शब्द लागतो तोच टिकतो. ॲप सोडू नका, पण त्याला पहिला मान देऊ नका.

आता तुमचेच पाच शब्द फोडून बघू. स्ट्यूदी म्हणजे अभ्यास, दाख म्हणजे दिवस. त्या दिवशी शिक्षकांचं प्रशिक्षण असतं आणि मुलांना सुट्टी. खिमटास म्हणजे व्यायामाच्या कपड्यांची पिशवी, त्यातला ‘टास’ तुम्हाला दुकानातही भेटेल. ब्रोट म्हणजे पाव, ट्रॉमल म्हणजे डबा. लाउझन म्हणजे उवा. मोठ्या सुट्टीनंतर शाळेत मुलांची डोकी तपासतात, बहुतेक ठिकाणी पालकच स्वयंसेवक म्हणून येतात, त्यात लाजण्यासारखं इथे कुणाला काही वाटत नाही. औडर म्हणजे पालक आणि खस्प्रेक म्हणजे बोलणं, म्हणजे शिक्षक-पालक भेट. पाच शब्दांत तुम्हाला दहा मिळाले. डचमध्ये शब्द जोडून लिहायची रीत असल्यामुळे सगळं लांबलचक दिसतं, पण आत छोटे, रोजचे शब्द असतात. झीकनहाउस बघा: झीक म्हणजे आजारी, हाउस म्हणजे घर, झालं रुग्णालय. हांटस्खून म्हणजे हाताचा जोडा, अर्थात हातमोजा.

फोडताना मागून फोडा, कारण शेवटचा तुकडा हा मुख्य शब्द असतो आणि ‘द’ की ‘हेट’ तेही तोच ठरवतो. हे आपल्याला नवं नाही. देव पुल्लिंगी, घर नपुंसकलिंगी, पण देवघर मात्र ‘ते’, कारण शेवटी घर आहे. तसंच ‘हेट ब्रोट’ पण ‘द ब्रोटट्रॉमल’, कारण ट्रॉमलला ‘द’ लागतो. म्हणून ‘हाउस’ला हेट लागतं एवढं एकदा पक्कं केलं की झीकनहाउसचं वेगळं पाठ करावं लागत नाही.

‘द’ आणि ‘हेट’बद्दल. हेट म्हणजे नपुंसकलिंग. पुल्लिंग-स्त्रीलिंग काळाच्या ओघात एकत्र येऊन ‘द’ झालं. तीन लिंगं सांभाळत आपण लहानाचे मोठे झालो, त्यामुळे नपुंसकलिंग ही कल्पनाच आपल्याला समजावून द्यावी लागत नाही, इंग्रजीवरून येणाऱ्याला ती द्यावी लागते. काही शब्द तर जुळतातही: ते घर, ते पुस्तक, ते मूल, ते पाणी, हेट हाउस, हेट बुक, हेट किंट, हेट वाटर. पण यावर विसंबू नका. ते झाड, ते फूल, ते दार, ते नाव या चारही शब्दांना डचमध्ये ‘द’ आहे.

खात्रीचे आधार मला हे वाटतात. अनेकवचन कुठलंही असो, ‘द’च. शेवटी ‘इंग’, ‘हाइट’ किंवा ‘ती’ असलेली भाववाचक नामं ‘द’: विमा म्हणजे द फरझेकरिंग, आरोग्य म्हणजे द खझोंटहाइट, वाढदिवसाला मुलं वर्गात वाटतात तो खाऊ म्हणजे द ट्राक्ताती. (हा शब्द लिहूनच ठेवा, लेकीच्या वाढदिवसाला लागणार.) आणि शेवटी ‘ये’ किंवा ‘त्ये’ लागलेला लहानपणाचा, लाडाचा शब्द नेहमी ‘हेट’. मुलगी म्हणजे ‘हेट मेइश्ये’, हे ऐकून पुष्कळ परदेशी लोक चक्रावतात. आपण चक्रावायचं कारण नाही. आपल्याकडे लेकरू, कोकरू, वासरू, पिल्लू, पाखरू सगळी ‘ते’च आहेत. डच माणूस जे ते लहान करून बोलतो, कप, पावती, पिशवी, सगळं, त्यामुळे या एका नियमात फार शब्द बसतात.

बाकीच्यांना पाठांतराशिवाय गत्यंतर नाही. म्हणून वहीत नुसतं ‘बुक’ कधीच लिहू नका, ‘हेट बुक’ असंच लिहा आणि पुढे अनेकवचन. नंतर वेगळं चिकटवलेलं ‘द’ किंवा ‘हेट’ टिकत नाही, हे मी बऱ्याच जणांचं पाहिलंय.

एक विनंती. इथे सोयीसाठी मी देवनागरीत लिहितोय, पण तुमच्या वहीत डच शब्द डच स्पेलिंगमध्येच लिहा. हाउसमधला स्वर आपल्या कुठल्याच स्वरासारखा नाही, आणि ‘ख’ लिहिला की आपण आपला ख म्हणतो, तो घशातला घासलेला आवाज येत नाही. तो आवाज कानानं ऐकूनच बसतो.

रानवारा

वरच्या प्रतिसादाशी सहमत. मी तिसऱ्या प्रश्नावर लिहिते, म्हणजे ऐकू आलेलं न कळणं.

सुरुवातीला मोकळ्या गप्पा समजून घ्यायच्या मागे लागू नका. जिथे समोरचा माणूस तेच ते बोलतो अशा जागा निवडा. सुपरमार्केटचा गल्ला ही सर्वांत उत्तम. तिथे विचारतात ते थोडकंच असतं: ‘विल्ट यू हेट बॉनेत्ये?’ म्हणजे पावती हवी का, ‘विल्ट यू एन टाश्ये?’ म्हणजे पिशवी हवी का, पैसे कार्डानं देणार असाल तर ‘पिनन’. शेवटी ‘फाइन दाख नोख’, म्हणजे दिवस छान जावो. आठवडी बाजारात चीजवाल्याकडे गेलात तर तो सुरी जरा पुढे धरून ‘माख हेट ईट्स मेर झाइन?’ विचारतो, म्हणजे सांगितलं त्यापेक्षा थोडं जास्त झालं तर चालेल का, आणि तोलून झाल्यावर ‘आंडर्स नोख ईट्स?’ म्हणजे आणखी काही. ही वाक्यं तुकडे न करता अखंड पाठ करा. एकदा कानात बसली की त्यातला ‘ईट्स’ किंवा ‘नोख’ दुसरीकडेही ऐकू यायला लागतो.

इथला माणूस तुमचा उच्चार ऐकून लगेच इंग्रजीवर येतो. त्यात त्याचा हेतू मदतीचाच असतो. हसून ‘इक लेर नेडरलांट्स’ म्हणा, मी डच शिकतेय. माझा अनुभव आहे की बहुतेक जण खूश होतात आणि सावकाश बोलतात.

स्वयंपाकघरातले शब्द पाकिटावरून शिका. पोळ्यांसाठी ‘फोलकोरनमेल’, म्हणजे कोंड्यासकटचं पीठ, बघायचं. ‘ब्लूम’ लिहिलेला पुडा म्हणजे मैदा (फुलालाही तोच शब्द). ‘झेल्फराइझंट’ लिहिलेल्या पिठात फुगवायची पावडर आधीच घातलेली असते, ते पोळ्यांना चालत नाही. ताकासाठी ‘कार्नमेल्क’. कढीसुद्धा छान होते त्याची.

आता आकडे आणि वेळ, कारण शाळेत भेटीची वेळ फोनवर सांगतात. एकवीस ते नव्व्याण्णव मनात मराठीत मोजा, इंग्रजीत नको. डचमध्येही एकक आधी: ‘फैफ-एन-झेफन्तख’ म्हणजे पाच आणि सत्तर, पंच्याहत्तर. ‘आख्ट-एन-फेर्तख’ म्हणजे अठ्ठेचाळीस. फक्त आपले एकोणतीस, एकोणचाळीसवाले सोडा. तिथे डच लोक सरळ ‘नऊ आणि वीस’, ‘नऊ आणि तीस’ म्हणतात. दीडसाठी त्यांच्याकडे आपल्यासारखाच एक सुटा शब्द आहे, ‘आंडरहाल्फ’.

पण वेळेत जपा. डच दहा म्हणजे ‘तीन’. आणि ‘हाल्फ तीन’ म्हणजे साडेनऊ, दहाकडे जाताना अर्ध्यावर. मराठी कानाला ते थेट साडेतीन ऐकू येतं. ‘फैफ फोर हाल्फ तीन’ म्हणजे नऊ पंचवीस. शाळेच्या भेटीची वेळ ऐकली की आकडा सांगून पक्की करून घ्या.

सोनचाफा

दोघांचेही मनापासून आभार. देवघर आणि लेकरू वाचून खरंच उजेड पडला, कुठल्याच व्हिडिओत हे असं सांगितलेलं नव्हतं. पत्रातले शब्द आजच मागून फोडायला बसले. ‘स्खोलप्लाइन’ आला, शेवटी प्लाइन म्हणजे मोकळी जागा, चौक. प्लाइनला हेट, म्हणून हेट स्खोलप्लाइन, बरोबर ना?

एक शंका मात्र उरली. पत्रात ‘ओपहालन’ हे क्रियापद आहे, मुलांना घ्यायला येणं. पण युफ बोलते तेव्हा ‘हाल’ कुठेतरी मधे आणि ‘ओप’ पार शेवटी ऐकू येतं. कोशात कुठला शब्द शोधायचा?

डेल्फ्टकर

हेट स्खोलप्लाइन अगदी बरोबर.

ओपहालन हे तुटणारं क्रियापद आहे. वाक्यात मुख्य भाग आपल्या जागी राहतो आणि पुढचा तुकडा शेवटी जातो: ‘इक हाल हार ओम द्री यूर ओप’, मी तिला तीन वाजता घ्यायला येते. कोशात ओपहालनच शोधायचं, नुसत्या ‘हालन’चा अर्थ वेगळा लागू शकतो. म्हणून वाक्य संपेपर्यंत अर्थ ठरवायचा नाही. क्रियापदासाठी शेवटपर्यंत थांबायची सवय मराठीमुळे आपल्याला आहेच.

शाळेच्या पत्रात असं आणखी एक सतत येतं, ‘मेनेमन’, बरोबर आणणं. ‘नेम ... मे’ असं फुटलेलं दिसलं की त्या दोघांच्या मधे काय आणायचं ते असतं. गाडीतही बघा: इनस्टापन चढणं, आउटस्टापन उतरणं, ओव्हरस्टापन गाडी बदलणं. मूळ एकच, पुढचा तुकडा बदलतो. नामांच्या याद्या सगळेच देतात, क्रियापदांकडे दुर्लक्ष होतं आणि मग वाक्यच बनत नाही. तुमच्या वहीत दर पानावर निम्मी तरी क्रियापदं असू द्या, आणि सुटी नकोत, पत्रातल्या वाक्यासकट.

उजळणीसाठी अंकी हे फुकट कार्डांचं सॉफ्टवेअर संगणकावर घ्या, पण दुसऱ्यांची तयार कार्डं उतरवू नका. तुमच्या पत्रातलं वाक्य, त्यात तो एक शब्द गाळलेला, एवढंच कार्डावर. रोज थोडी नवी कार्डं पुरतात. जुनी उजळणी चुकवून नवी वाढवू नका.

रानवारा

एक राहिलं. संध्याकाळी लेकीबरोबर ‘युख्टजुर्नाल’ लावा. १९८१ पासून चालू असलेलं मुलांचं बातमीपत्र आहे, वाक्यं छोटी आणि उच्चार स्वच्छ. टीव्हीवर टेलेटेक्स्टच्या (टीव्हीवरच दिसणाऱ्या मजकुराच्या पानांच्या) ८८८ पानावर डच सबटायटल्स मिळतात, तीच ठेवा, इंग्रजी नको. आधी तीच बातमी आपल्या भाषेत वाचलेली असली की अर्थ पटकन लागतो.

आणि जवळच्या ग्रंथालयात (द बिब्लिओटेक) जाऊन ‘तालहाउस’ किंवा ‘तालकाफे’ आहे का विचारा. तिथे स्वयंसेवक नवशिक्यांशी डचमध्ये गप्पा मारतात. बऱ्याच ठिकाणी फुकट असतं, क्लासला नंबर लागायची वाट बघावी लागत नाही. जाताना शाळेचं पत्र घेऊन जा आणि त्यावरच बोला.

सोनचाफा

ग्रंथालय शाळेच्या रस्त्यावरच आहे. बुधवारी शाळा दुपारी लवकर सुटते, तेव्हा लेकीला घेऊन विचारून येते आणि काय कळलं ते इथे लिहिते. औडरखस्प्रेक पुढच्या महिन्यात आहे. त्यासाठी युफला विचारायचे प्रश्न मी डचमध्ये लिहून टाकले तर कुणी तपासून द्याल का?

डेल्फ्टकर

टाका की, नक्की तपासतो. पहिल्या खेपेला तीन-चारच प्रश्न लिहा, आणि उत्तरात काय काय येऊ शकेल तेही अंदाजानं खाली लिहा. उत्तर ऐकण्याची तयारी प्रश्नाइतकीच लागेल.