मदत हवी आहे: पॅलिओ करतेय, चीज चालतं की नाही?

निळीशाई
जरा लवकर उत्तर मिळालं तर बरं. पॅलिओ, म्हणजे शेतीपूर्व माणसासारखा आहार, सुरू करून बरेच दिवस झाले. धान्य बंद, कडधान्यं बंद, साखर बंद, ते सगळं जमतंय. अडलंय फक्त चीजपाशी. एका ठिकाणी वाचलं की अजिबात नाही, दुसरीकडे लिहिलंय मुरलेलं असेल तर खुशाल खा, तिसरीकडे म्हणे फक्त शेळीच्या दुधाचं. डोकं फिरायची वेळ आली आहे. लिंका देऊ नका, त्या वाचून झाल्यात. चालतं की नाही, आणि चालत असेल तर किती, एवढंच सांगा.

रानवाट
कोणतं चीज? कधी खाता? दुधाने त्रास होतो का? आणि मुळात पॅलिओ कशासाठी चालू केलंय? वजन, रक्तातली साखर, पोट, त्वचा, यांतलं काय? प्रत्येकाचं उत्तर वेगळं आहे.

अश्मयुगी
उत्तर एकच आहे: नाही. शेती आणि पशुपालन यायच्या आधी माणूस जे खात होता ते खायचं, हाच पॅलिओचा पाया. पुराश्मयुग संपलं सुमारे १२,००० वर्षांपूर्वी. गायी-शेळ्या माणसाळल्या त्यानंतर. पोलंडमध्ये भोकं पाडलेली मातीची भांडी सापडली आहेत, साधारण ७,००० वर्षांपूर्वीची. त्यांच्यात दुधाच्या चरबीचे अंश मिळाले आणि ती चीज गाळायची भांडी होती हे २०१२ साली प्रसिद्ध झालं. म्हणजे चीज हा नवाश्मयुगातला पदार्थ. एकदा सूट दिली की मग भाकरीने काय घोडं मारलंय?

पाऊलखुणा
अश्मयुगी, पुरावा बरोबर, निष्कर्ष पटला नाही. ब्रोकोली, कोबी, फुलकोबी हे तिन्ही शेतकऱ्यांनी एकाच रानटी वनस्पतीपासून निवडून निवडून तयार केलेले. पुराश्मयुगात ब्रोकोली नव्हती, तरी तुमच्या ताटात ती असणार. ईटन आणि कॉनर यांचा १९८५ चा लेख, जिथून ही सगळी चर्चा वाढली, तो आहाराचा एकंदर साचा मांडतो. 'हे त्या काळी होतं का' एवढ्या एका चाळणीने आहार ठरवायचा असेल तर आपल्यापैकी कुणालाच पॅलिओ करता येणार नाही.

अश्मयुगी
ब्रोकोली नव्हती, पण पानं, देठ, कंद होते. प्रौढ माणसाने दुसऱ्या प्राण्याचं दूध पिणं हा प्रकारच नव्हता. जगातल्या बहुसंख्य प्रौढांमध्ये लॅक्टेज हे पाचक द्रव्य लहानपणानंतर कमी होत जातं. दूध आपल्यासाठी नाही, हे शरीरच सांगतंय.

रानवाट
लॅक्टेजचा मुद्दा दुधाला लागू आहे, सगळ्या चीजना नाही. दुधात १०० मिलिलिटरला सुमारे ५ ग्रॅम लॅक्टोज, म्हणजे लॅक्टेजने पचणारी दुधातली साखर, असतं. चीज करताना त्यातलं बरंचसं निवळीबरोबर निघून जातं आणि उरलेलं जिवाणू खाऊन त्याचं लॅक्टिक आम्ल करतात. महिनोन्‌महिने मुरलेल्या चेडर, पार्मेझान, ग्रुयेरमध्ये ते जवळजवळ उरतच नाही. ताज्या, ओलसर चीजमध्ये, म्हणजे कॉटेज किंवा रिकोटा, १०० ग्रॅमला दोन ते चार ग्रॅम राहू शकतं.
निळीशाई, माझे प्रश्न तसेच आहेत.

निळीशाई
वजनासाठी. पिवळे चौकोनी स्लाइस, पाकिटातले. दुधाने पोट कधीकधी फुगतं, पण ते सगळ्यांचंच फुगतं ना. हो किंवा नाही सांगायला एवढं का लागतंय?

मोकळाश्वास
पॅलिओ सोडा आणि किटो करा, म्हणजे कर्बोदकं अगदी कमी, चरबी जास्त. मी तेच केलं. चीज, लोणी, क्रीम सगळं चालतं, भूक लागत नाही, वजन भराभर उतरतं. एवढा विचार करावाच लागत नाही.

पाऊलखुणा
मोकळाश्वास, त्यांनी आहार बदलू का असं विचारलेलं नाही. किटोवर चीज 'चालतं' ते कर्बोदकं कमी असतात म्हणून. उष्मांक तसेच राहतात. चेडरच्या १०० ग्रॅममध्ये साधारण ४०० उष्मांक. वजनासाठी आहार करणाऱ्याने जाता-येता तुकडे तोंडात टाकले तर हिशोब कुठल्या कुठे जातो.

मोकळाश्वास
उष्मांक मोजून कुणाचं वजन कायमचं उतरलंय ते दाखवा. चीजने पोट भरलेलं राहतं, माणूस आपोआप कमी खातो. माझा अनुभव आहे, पुस्तकातलं सांगत नाहीये.

सांजसावली
इथे अजून कुणी काढलं नाही म्हणून लिहिते. शाकाहारी असाल तर रेनेट, म्हणजे दूध गोठवणारं द्रव्य, बघा. बरीच पारंपरिक चीज वासराच्या जठरातल्या रेनेटने विरजतात, पार्मेझान तर नियमानेच. आता पुष्कळ कारखाने सूक्ष्मजीवांकडून तयार करून घेतलेलं कायमोसिन (रेनेटमधलं मुख्य द्रव्य) वापरतात, ते शाकाहारी धरतात. दुसरं म्हणजे काजू भिजवून वाटायचे, लिंबू, मीठ आणि न्यूट्रिशनल यीस्ट घालायचं. मस्त चीजसारखं लागतं आणि पॅलिओतही बसतं. प्रमाण हवं असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

निळीशाई
मी अंडी-मांस खाते. काजू नकोत.

रानवाट
निळीशाई, पाकिटातले स्लाइस असतील तर उत्तर सोपं झालं. ते बंद करा. ते प्रक्रिया केलेलं चीज असतं. चीज वितळवून त्यात सोडियम सायट्रेट किंवा फॉस्फेटसारखी क्षारद्रव्यं घालतात, म्हणजे चरबी वेगळी होत नाही आणि स्लाइस गुळगुळीत राहतो. अनेकांत दुधाची किंवा निवळीची पावडरही असते, त्यामुळे लॅक्टोज मुरलेल्या चीजपेक्षा जास्त असू शकतं. सोडियम तर भरपूरच. पाकिटाच्या मागची घटकांची यादी वाचा. खऱ्या चीजला दूध, मीठ, विरजणाचे जिवाणू आणि रेनेट एवढं पुरतं. आधीच किसलेलं चीजही बघून घ्या, किस चिकटू नये म्हणून त्यात स्टार्च किंवा सेल्युलोज टाकतात. कडक पॅलिओवाले आणि सैल पॅलिओवाले, दोघांचंही या स्लाइसवर एकमत होईल.

अश्मयुगी
यावर पूर्ण सहमत.

कवडसा
माझाही असाच प्रश्न आहे. घट्ट विरजलेलं योगर्ट चालेल का? आणि तूप? तूप सगळीकडे चालतं म्हणतात, ते कसं काय?

पाऊलखुणा
तुपात दुधाची प्रथिनं आणि लॅक्टोज जवळपास नसतात, फक्त चरबी उरते, म्हणून तुपाला सूट. चीजचं उलटं आहे. त्यात केसीन हे प्रथिन एकवटलेलं असतं. म्हणूनच लॅक्टोज न पचणं आणि दुधाच्या प्रथिनाची ॲलर्जी यांत गल्लत करू नये. पहिल्या प्रकारात मुरलेलं चीज बहुधा सोसतं, दुसऱ्यात कितीही मुरवलं तरी धोका राहतो. ज्यांना गायीच्या दुधाची ॲलर्जी आहे त्यांतल्या बहुतेकांना शेळीचंही बाधतं, तेव्हा 'शेळीचं चालतं' हे सरसकट कुणी सांगू नये. लॅक्टोजही शेळीच्या दुधात फारसं कमी नसतं.

दीपस्तंभ_२
मी फार्मासिस्ट आहे, म्हणून माझा प्रश्न वेगळा. निळीशाई, रोजची कुठली गोळी चालू आहे का? आणि चीज नेमकं कधी खाता?

निळीशाई
थायरॉइडची गोळी, सकाळी उठल्यावर. ती घेतली की लगेच ऑम्लेट, त्यात दोन स्लाइस. कामाला पळायचं असतं. पॅलिओचा आणि गोळीचा काय संबंध? वजन मात्र हलत नाहीये, म्हणूनच चीजवर संशय आला.

दीपस्तंभ_२
संबंध आहे, आणि माझ्या मते या धाग्यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच आहे. गोळी लेव्होथायरॉक्सिनची असेल तर ती उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर, नाश्त्याच्या अर्धा ते एक तास आधी घ्यायची असते. कॅल्शियम तिला आतड्यात बांधून ठेवतं आणि औषध पूर्ण शोषलं जात नाही. कॅल्शियमच्या गोळ्यांच्या बाबतीत तर चार तासांचं अंतर ठेवायला सांगतात. चीजमध्ये कॅल्शियम भरपूर, चेडरच्या १०० ग्रॅममध्ये सुमारे ७०० मिलिग्रॅम. गोळी आणि चीज रोज पाठोपाठ पोटात जात असतील तर औषध कमी पडत असण्याची शक्यता आहे. औषध कमी पडलं की वजन उतरणं जड जातं, थकवा येतो, थंडी जास्त वाजते. डोस स्वतः बदलू नका. डॉक्टरांना नाश्त्याची वेळ सांगा आणि टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) तपासून घ्या. कॉफीही गोळीनंतर लगेच नको.

मोकळाश्वास
किटोवर असतानाही हे लागू का?

दीपस्तंभ_२
आहार कोणताही असो, लागू.

निळीशाई
हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. गोळी देताना फक्त 'सकाळी घ्या' म्हणाले होते. थकवा आहे, पण तो मी धान्य सोडल्यामुळे धरत होते. बरं, मग चीज पूर्ण सोडू? सोडलं तर कॅल्शियमचं काय?

रानवाट
प्रौढांना दिवसाला साधारण १,००० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं, पन्नाशीपुढच्या बायकांना १,२००. दुग्धजन्य सगळं बंद केलं तर ते आपोआप भरून निघत नाही, त्याची सोय मुद्दाम करावी लागते. काट्यांसकट खायचे सार्डिनसारखे लहान मासे आणि केल, बोक चॉयसारखी पानं यांतून मिळतं. पालकावर विसंबू नका. त्यात कॅल्शियम दिसतं खूप, पण ऑक्झलेटमुळे शरीराला लागतं फार थोडं.
मी असं करेन: काही आठवडे दूध-चीज पूर्ण बंद, पोट फुगायचं थांबतं का बघायचं. मग फक्त एक मुरलेलं चीज, ३० ग्रॅमचा तुकडा, दुपारच्या जेवणात. दोन-तीन दिवस थांबून अंदाज घ्यायचा. सोसलं तर ठेवा. एवढ्या तुकड्यात सव्वाशेच्या आत उष्मांक आणि सातेक ग्रॅम प्रथिनं, वजनाच्या आड येण्यासारखं काही नाही. मुरलेल्या चीजने डोकं दुखत असेल तर मात्र बंद, त्यात हिस्टामिन जास्त असतं.

पाऊलखुणा
थोडी असहमती. लॅक्टोज न पचणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना एका वेळी १२ ग्रॅमपर्यंत लॅक्टोज सोसतं. दोन स्लाइसमध्ये तेवढं नसतं. त्यामुळे पोट फुगण्याचा दोष चीजवर टाकायच्या आधी बाकीचं ताट बघा. पॅलिओवर कांदा, लसूण, फुलकोबी, सफरचंद एकदम वाढतं आणि त्यांनीही पोट फुगतं.

अश्मयुगी
चीज परत सुरू कराल तेव्हा त्याला प्रायमल म्हणा, तिथे दुग्धजन्य पदार्थांना जागा आहे. पॅलिओ म्हणू नका, नवीन येणाऱ्यांचा गोंधळ होतो. बाकी गोळीचं आधी बघा, हे मीही म्हणेन.

निळीशाई
उद्या टीएसएचचं रक्त देते आणि डॉक्टरांची वेळ घेते. परवापासून गोळी अलार्म लावून, नाश्ता एका तासाने. स्लाइसचं पाकीट देऊन टाकलं. दुपारच्या तुकड्याचं रिपोर्ट आल्यावर ठरवेन. दीपस्तंभ, रात्री झोपताना गोळी घेतली तर चालते का? सकाळी एक तास थांबणं रोज जमेल असं वाटत नाही.

दीपस्तंभ_२
चालू शकते, शेवटच्या जेवणानंतर तीनेक तास गेलेले हवेत आणि वेळ रोज तीच हवी. पण बदल करायच्या आधी डॉक्टरांना विचारा, उद्या जाताच आहात.

कवडसा
योगर्टचं राहिलंच.