पुराची सूचना लिहायचं काम गळ्यात पडलंय, शब्द कसे निवडू?

गावभागकर:
अपार्टमेंटच्या ग्रुपवर पावसाळ्यात सूचना टाकायचं काम यंदा माझ्याकडे आहे. परवा लिहिलं, "पाणी झपाट्याने वाढत आहे. खबरदारी घ्यावी. गाड्या गुरुवारपर्यंत हलवाव्यात." तळमजल्यावरच्या काकूंनी रात्री अकराला गव्हाची पोती माळ्यावर चढवायला लावली. वरच्या मजल्यावरून प्रश्न, "खबरदारी म्हणजे नेमकं काय करू?" आणि 'गुरुवारपर्यंत' म्हणजे गुरुवार धरून की सोडून, यावर पार्किंगमध्ये भांडण. आमच्या सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी तेव्हा जेमतेम 31 फूट पाणी! नीट कसं लिहायचं?

कृष्णाकाठ:
'झपाट्याने' आधी काढा. "सकाळी 6 ला 30 फूट, 8 ला 31" एवढं लिहिलं की वाढ ज्याची त्याला कळते. आणि 38 फुटांना 'धोक्याच्या जवळ' लिहू नका. सांगलीत 'इशारा' म्हणजे 40 आणि 'धोका' म्हणजे 45. ती पातळ्यांची नावं आहेत, भीती दाखवायचे शब्द नव्हेत.

हळदपेठ:
आमच्या सौद्यात "माल बरा हाय" म्हणून कुणी बोली लावत नाही, इथं तरी का चालावं? 2019 ला पाणी 57 फुटांवर गेलं, तवा ग्रुपवर नुसतं "शहरात पाणी शिरलं". आवो, कुठं? सूर्यवंशी प्लॉटात शिरतं तवा मारुती चौक कोरडा असतोय. चौकाचं नाव लिवा.

जुना पाटकरी:
"कोयनेतून 50 हजार टीएमसी सोडले" हा मेसेज दरवर्षी येतो. अख्ख्या कोयनेत मावतं साधारण 105 टीएमसी! सोडतात ते क्यूसेकमध्ये, म्हणजे सेकंदाला इतके घनफूट. टीएमसी हा साठा, शंभर कोटी घनफुटांचा. 11,574 क्यूसेकने चोवीस तास पाणी सुटलं तर 1 टीएमसी होतो. शिवाय 'सोडले' की 'सोडणार', हेही बघून लिहा. माणसं त्यावर रात्र जागून काढतात.

गावभागकर:
आज हे टाकलं: "मंगळवार, सकाळी 8. आयर्विन 33 फूट, काल याच वेळी 32. इशारा पातळी 40. चारचाकी बुधवारी रात्री 9 च्या आत बाहेर काढाव्यात. धान्य हलवायची आज गरज नाही."
शेवटची ओळ खास काकूंसाठी. पोती खाली उतरवायला मलाच बोलावलंय.