छाप्याआधीच वकिलाला विचारा

वेश्याव्यवसायावरच्या छाप्यांत पोलीस केस कच्ची ठेवतात म्हणून मुलींचे दलाल सुटतात, असं म्हणतात. अर्धंच खरं. सरकारी वकिलाच्या हाती कागद पडतात ते बहुतेकदा दोषारोपपत्रानंतर. तोवर डमी गिऱ्हाइकाला, म्हणजे पोलिसांनीच पाठवलेल्या खोट्या गिऱ्हाइकाला, दिलेल्या नोटांचे नंबर छाप्याआधीच्या पंचनाम्यात एक आणि जप्तीत भलतेच, असा घोळ होऊन बसलेला. १९५६ च्या पिटा, म्हणजे अनैतिक व्यापार प्रतिबंध कायद्यात झडतीला किमान दोन पंच, त्यात एक बाई लागते. घाईत तेही राहतं. बचावाच्या वकिलाला आणखी काय हवं?

आणि छाप्यात सोडवलेली मुलगी? ती सुधारगृहातून सुटून बंगालला, नाहीतर नेपाळला. समन्स जुन्या पत्त्यावरून परत. व्हिडिओवर साक्ष घेता येते हो, पण मुलगी सुधारगृहातून कधी सुटतेय हे तपास अधिकाऱ्याने वकिलाला निदान फोन करून तरी सांगावं!