इंग्रजी पेपरमधलं 'डँगलिंग मॉडिफायर' कसं ओळखायचं?

प्रयोगवही
रसायनशास्त्रात पीएचडी करतेय. पेपर जर्नलला पाठवला होता, तर परीक्षकांनी 'डँगलिंग मॉडिफायर' असा शेरा मारून हे वाक्य अधोरेखित केलंय: 'आफ्टर बीइंग हीटेड टू सिक्स्टी डिग्रीज, वुई फिल्टर्ड द सोल्यूशन.' अर्थ तर कुणालाही कळतो. मग बिघडलं कुठे? आणि बाकीच्या मसुद्यात अशी वाक्यं हुडकायची कशी?

लालपेन
शास्त्रीय पेपरांचं संपादन हेच माझं काम, म्हणून जरा सविस्तर लिहितो. स्वल्पविरामाआधीच्या तुकड्याला स्वतःचा कर्ता नसला, की इंग्रजी वाचक पुढचा कर्ता त्याला जोडतो. इथे तो 'वुई'. म्हणजे साठ अंशांना तापवलं गेलं ते तुम्हाला, द्रावणाला नाही. असा योग्य कर्त्याविना लोंबकळणारा तुकडा म्हणजेच 'डँगलिंग मॉडिफायर'.

मराठीत आपण 'द्रावण तापवून गाळलं' म्हणतो. तापवणारे आणि गाळणारे एकच, त्यामुळे काही खटकत नाही. इंग्रजीत लिहिताना 'बीइंग हीटेड' हा कर्मणी प्रयोग घुसला आणि घोळ झाला. तो काढा: 'आफ्टर हीटिंग द सोल्यूशन टू सिक्स्टी डिग्रीज, वुई फिल्टर्ड इट.'

हुडकायला वाक्यांच्या फक्त सुरुवाती वाचत जा. 'यूझिंग', 'आफ्टर', 'व्हाइल' दिसलं की स्वल्पविरामानंतर कोण आलंय ते बघा आणि ते काम त्यानेच केलंय का, हे तपासा. 'यूझिंग अ मायक्रोस्कोप, द क्रिस्टल्स वेअर काउंटेड' हे बरेच संपादक चालवून घेतात. मी नाही घेत. 'वुई काउंटेड द क्रिस्टल्स अंडर अ मायक्रोस्कोप' लिहायला काहीच जास्त कष्ट नाहीत.

कलम_पोटकलम
'अर्थ कळतो' यावर विसंबू नका. अमेरिकेच्या १९९१ च्या दूरध्वनी ग्राहक संरक्षण कायद्यात ऑटोडायलरची, म्हणजे आपोआप फोन लावणाऱ्या यंत्रणेची, व्याख्या आहे. त्यातले शब्द: 'टू स्टोअर ऑर प्रोड्यूस टेलिफोन नंबर्स टू बी कॉल्ड, यूझिंग अ रँडम ऑर सीक्वेन्शियल नंबर जनरेटर'. शेवटचा तुकडा फक्त 'प्रोड्यूस'ला लागतो की 'स्टोअर'लाही? फेसबुक विरुद्ध डुगिड हा खटला याच प्रश्नावर थेट सर्वोच्च न्यायालयात गेला. खालच्या अपील न्यायालयाने एक अर्थ लावला होता. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवून 'दोन्हींना लागतो' असं ठरवलं आणि फेसबुक जिंकलं. त्या स्वल्पविरामाचाही निकालात आधार घेतलाय.

प्रयोगवही
दोघांचेही आभार. आता एक वेगळंच वाक्य सापडलं: 'सॅम्पल्स दॅट वेअर वॉश्ड ऑफन लॉस्ट कलर.' इथे सुरुवातीला काहीच लोंबकळत नाही, तरी अडखळायला होतंय.

लालपेन
बरोबर अडखळलात. 'ऑफन' दोन्हीकडे बघतोय: वारंवार धुतले, की रंग वारंवार गेला? पहिलं म्हणायचं असेल तर 'सॅम्पल्स दॅट वेअर ऑफन वॉश्ड लॉस्ट कलर', दुसरं असेल तर 'ऑफन' शेवटी न्या आणि त्याआधी 'देअर' घाला: 'लॉस्ट देअर कलर ऑफन'. खरं तर मेथड्समध्ये 'ऑफन' नकोच, किती वेळा धुतले तो आकडा द्या. आणि हो, 'कन्सिडरिंग', 'गिव्हन' यांना हात लावू नका. ती आता शब्दयोगी अव्ययासारखी रुळली आहेत, त्यांना कर्ता लागत नाही.