मदत हवी आहे: तरुण संघात 'नग्नता आणि लाज' हा पाठ कसा घ्यावा?

जय ख्रिस्त मंडळी! अचलपूरकडच्या एका खेड्यातल्या तरुण संघासाठी तासाभराचा पाठ बसवायचा आहे. मुक्तागिरी हे दिगंबर जैनांचं तीर्थ जवळच, म्हणून पोट्टे सरळ विचारतात: दिगंबर मुनींपुढे लोक हात जोडतात, मग आपल्यातच उघडं शरीर पाप कसं?

सुरुवात उत्पत्ती २:२५ पासूनच करायची, हे नक्की: आदाम-हव्वा नग्न होते, पण लाजत नव्हते. ३:७ ला पापानंतर ते अंजिराच्या पानांनी अंग झाकतात, तिथून केली की शरीरच वाईट, असं पोरांच्या मनात बसतं आणि मग ते निघत नाही. हिब्रूत २:२५ ला नग्न म्हणजे 'अरूम्मीम', लगेच ३:१ ला सर्प धूर्त म्हणजे 'आरूम'. हा शब्दखेळ मराठीत हरवतो, तो फळ्यावर लिहून दाखवावा लागेल. ३:२१ ला चामड्याची वस्त्रं देवच घालतो: ती माया आहे, शिक्षा नव्हे.

चौथ्या शतकात यरुशलेमचा बिशप सिरिल नवबाप्तिस्मितांना आठवण देतो, की बाप्तिस्म्याच्या वेळी तुम्ही सर्वांसमोर नग्न होता आणि लाजला नाहीत. बाप्तिस्म्याच्या विधीत स्त्रियांना तेल लावायला तेव्हा मंडळीच्या सेविका असत. मत्तय ५:२८ दोष वासनेच्या नजरेला देतं. तरी आजच्या नग्न मेळाव्यांना यातून मुभा मिळते, असं मला वाटत नाही. १ करिंथ ८:९ आडवं येतं: आपली मोकळीक दुर्बळांना अडखळण होऊ नये.

आता सांगा: यशया २० याच तासात घ्यावा का? तिथे संदेष्टा यशया नग्न फिरतो, पण ती नग्नता बंदिवानाच्या अपमानाची खूण आहे, गल्लत होईल. पोट्टे-पोट्टी एकत्र बसवावे की वेगळे? आणि 'लाज' व 'मर्यादा' यांतला फरक वऱ्हाडीत कोणत्या शब्दांनी पोचतो?